उन्हानं टाकी फुटत नाही

लातूर,
रविवार, १४ सप्टेंबर

चि. हरिओमला ताईचे आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तुझा जुना नंबर लागत नाही आणि नवा कुणाकडं नाही, म्हणून कागद-पेन घ्यावं लागलं. महालक्ष्म्यांना गावी गेले होते तेव्हा तुझा दोस्त व्यंकट भेटला. तो म्हणाला, तू सिकंदराबादच्या पुढं एका गोदामात मालाची चढउतार बघतोस आणि तिथंच मागच्या खोलीत राहतोस. नंबर द्यायला काही तयार होईना. तू शपथ घातली आहेस म्हणे. पत्त्याची शपथ घातली नव्हतीस, म्हणून पत्ता दिला.

मायचे गुडघे तेवढे दुखतात, बाकी तब्येत बरी आहे. वरच्या तुकड्यात कापूस लावलाय, खालच्या तुकड्यात सोयाबीन होतं, त्यात पाणी साचून निम्मं गेलं. म्हैस व्याली, रेडी झाली. भोकर रोडवरचं आपलं पंक्चरचं दुकान बंदच आहे. शेजारच्या हॉटेलवाल्यानं जागा भाड्यानं मागितली होती. माय म्हणाली, हरीला विचारल्याबिगर मला काही सांगता येत नाही. तो माणूस परत आला नाही.

माझं नेहमीचंच चाललंय. अकरावी-बारावीची रसायनशास्त्राची लेक्चर्स, प्रॅक्टिकल, परत लेक्चर्स. लातूरला पोरं कुठून कुठून येतात हे तुला माहीतच आहे. डोळ्यांत झोप असते, पाठीवर मणभर दप्तर असतं, आणि सगळ्यांना डॉक्टरच व्हायचं असतं. यंदाच्या अकरावीत मुरुडची एक ऋतुजा नावाची मुलगी आहे. तिला उत्तर दिलं की त्या उत्तरावर तिचा पुढचा प्रश्न तयार असतो. कधीकधी मी दमते, पण ती वर्गात नसली तर तास पुढं सरकत नाही.

वायूंचा धडा आता येईल. गेल्या वर्षी मी तो दुसऱ्या मॅडमना शिकवायला दिला होता, तब्येतीचं कारण सांगून. यंदा त्यांच्याकडं बारावी आहे, त्यामुळं मलाच घ्यावा लागणार. बघू.

आप्पांना जाऊन दीड वर्ष होत आलं. नांदेडच्या दवाखान्याच्या आवारात तू मला जे म्हणाला होतास, त्यावर आपण परत कधी बोललोच नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तू निघून गेलास. जाऊ दे, आत्ता तो विषय काढायला मी पत्र लिहिलेलं नाही.

मायला या पत्राचं सांगितलेलं नाही. उत्तर आलं तर सांगेन. तिथं भातच मिळत असेल. खोलीवर भाकरी थापत असशील तर पीठ इकडून पाठवते. जेवत जा.

तुझी,
ताई


लातूर,
रविवार, ५ ऑक्टोबर

प्रिय हरी,

पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे तुला मिळालं असं मी धरून चालते. उत्तर दिलं नाहीस, त्याचा राग नाही. हे पत्र मात्र पूर्ण वाच. मधे ठेवून देऊ नकोस.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात वायूंचा धडा घेतला. पहिल्या दिवशी बॉइलचा नियम. सुई काढलेल्या सिरिंजा वाटल्या, पुढच्या तोंडावर बोट दाबून दट्ट्या आत ढकलायला लावला. जागा कमी केली की आतली हवा बोटाला कशी रेटते ते प्रत्येकानं स्वतः बघितलं. दुसऱ्या दिवशी चार्ल्सचा. बाटलीच्या तोंडाला फुगा लावला, बाटली गरम पाण्यात ठेवली, फुगा उभा राहिला. पोरं हसली. इथपर्यंत मला काही झालं नाही.

तिसरा नियम बंद भांड्यातल्या वायूचा. जागा बदलत नाही, तापमान वाढलं की दाब वाढतो. यावर पुस्तकात गणितं होती. ती सोडून मी फळ्यावर माझंच एक गणित लिहिलं. का लिहिलं ते मला विचारू नकोस. एक हवेची टाकी आहे. सकाळी सत्तावीस अंशाला आतला दाब दहा आहे. टाकी पंधरापर्यंत दाब सोसते. तर किती तापमानाला फुटेल?

तू बारावीला असताना अंशांत २७३ मिळवायला नेहमी विसरायचास आणि मी डोक्यात टपली मारायचे. ही पोरं विसरत नाहीत. सगळ्यांत आधी ऋतुजाचं झालं. उत्तर आलं एकशे सत्त्याहत्तर अंश.

ती उभी राहून म्हणाली, "मॅडम, मग उन्हानं टाकी कधीच फुटणार नाही ना?"

मी म्हणाले, नाही.

"मग लोक तसं का म्हणतात? आणि खरं कशानं फुटते?"

ते पुढच्या तासाला बघू म्हणाले आणि फळा पुसला. तिला आपल्या घरचं काही माहीत नाही, हरी. वर्गात कुणालाच नाही. स्टाफरूममध्ये येऊन बसले आणि तेच गणित पुन्हा केलं. टाकी फुटून आप्पा गेले त्या मे महिन्यात दुकानाच्या पत्र्याखाली फार तर सत्तेचाळीस अंश असतील. सकाळच्या मानानं दाब पंधराव्या हिश्श्यानं वाढेल, त्याहून जास्त नाही. एवढ्यानं लोखंडाची टाकी फुटत नाही.

तू दवाखान्यात म्हणाला होतास, "ताई, मशीन म्याच चालू ठेवून गेलो होतो." आणि मी तुला म्हणाले होते, ऊन लई होतं रे, उन्हानं झालं. गावानंही तेच ठरवलं, बसायला आलेले सगळे तेच बोलत होते. तू माझ्याकडं नुसता बघत राहिलास. बारावी सायन्स केलेला पोरगा तू. तुला ते तेव्हाच पटलं नव्हतं, हे मला आत्ता कळतंय.

दसऱ्याला गावी गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हिमायतनगरला आनंदराजकाकाच्या वर्कशॉपवर गेले. आप्पांची सगळी वेल्डिंगची कामं तोच करायचा, म्हणून फुटलेली टाकी तेव्हा त्याच्याकडंच नेऊन टाकली होती. ती अजून मागच्या बाजूला पडून आहे. काका चहा सांगायला निघाला होता. मी म्हणाले, आधी टाकी बघू द्या.

खालून पूर्ण उलगडली आहे. पत्रा कुठं गंजून पातळ झालाय का ते मी हात फिरवून बघितलं. तसं काही दिसलं नाही. मग वरची बाजू बघितली. दाब वाढला की शिट्टी वाजून हवा सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह जिथं असतो, तिथं व्हॉल्व्ह नव्हता. बोल्ट होता, वरून वेल्डिंग मारलेला.

मी काकाकडं बघितलं. तो तिथंच मोडक्या नांगरावर बसला. त्यानं जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे माझं त्यात काही मिसळणार नाही.

"तुमचे आप्पा आले नव्हं का माझ्याकडं. म्हणले, ही शिट्टी लई तरास देऊन राहिली. ट्रकच्या टायरपुरती हवाबी टिकंना, आधीच फुस्स करती. हिथं बोल्ट मारून दे. म्या म्हणलो, नांदेडहून नवा आणा. म्हणले, आणतो, तवर धंदा तर चालू दे. म्या मारून दिला, ताई. रोज उठून वाटायचं तुमच्या घरी येऊन सांगावं. पाय उचलत न्हवता."

मी विचारलं, हरीला हे माहीत होतं का.

तो म्हणाला, "न्हाई. आप्पांनीच बजावलं, पोराला सांगू नको, ते आधीच मशीन बदला म्हणून मागं लागलंय."

तू त्या आठवड्यात भरतीच्या परीक्षेसाठी नांदेडला होतास. आदल्या दिवशी संध्याकाळी परत आलास आणि सकाळी दुकानावर गेलास. ती शिट्टी कापलेली आहे हे तुला कळायला मार्गच नव्हता.

आता तुझ्या ताईचं नाही, रसायनशास्त्राच्या बाईचं ऐक. टाकीची जागा ठरलेली असते. मशीन त्यात हवा भरत राहतं. दुप्पट हवा कोंबली की दुप्पट दाब, तिप्पट कोंबली की तिप्पट. मशीन आपोआप बंद करणारं बटण तर कित्येक वर्षांपासून बिघडलेलंच होतं, हातानंच बंद करायचो आपण. तरी इतकी वर्षं काही झालं नाही, कारण कुणी विसरलं की शिट्टी वाजायची आणि जादाची हवा निघून जायची. तू आप्पांशी भांडलास, मशीन चालू ठेवून नाक्यावर जाऊन बसलास, हे खरं आहे. ते खोटं आहे असं मी तुला सांगणार नाही. तू लहान नाहीस आणि मला तुला एकदा सांगितलं तसलं काहीतरी पुन्हा सांगायचं नाही. पण तसं मशीन तू शंभर वेळा चालू ठेवून गेला असशील. आप्पाही गेले होते, मी सुट्टीला आले की मीही विसरायचे. त्या दिवशी वेगळं होतं ते एकच, तो बोल्ट. आणि तो तू मारला नव्हतास.

ऋतुजाला पुढच्या तासाला उत्तर दिलं. टाकी आत हवा भरत राहिल्यानं फुटते, बाहेर पडायची वाट बंद असली तर. तिनं लिहून घेतलं. बास, एवढंच.

मायला मी अजून काही बोलले नाही. आप्पांनी स्वतःच्या हातानं हे केलं, हे तिला कसं सांगावं ते मला समजत नाही. दिवाळीला जाईन तेव्हा बघेन.

माझा नंबर तोच आहे. पत्र लिहायला नको वाटत असेल तर नुसता मिस्ड कॉल दे.

ताई


गावाकडून, ता. हिमायतनगर,
रविवार, २६ ऑक्टोबर

प्रिय हरी,

तू कुणाच्या तरी फोनवरून बोललास. "बोल्ट तू स्वतः बघितला का?" एवढंच विचारलंस. मी हो म्हणाले. मग फोन ठेवलास. त्या नंबरवर परत लावला तर कुणीतरी तेलुगूत बोललं आणि बंद केला. हरकत नाही. तुझा आवाज ऐकला, मला तेवढ्यावर दिवाळी करता आली.

आता मायचं सांगते.

भाऊबीज झाल्यावर वरच्या तुकड्यात कापूस वेचायला गेलो. बायका मिळत नव्हत्या, म्हणून आम्ही दोघीच. मी कमरेला ओटी बांधून तिच्या शेजारच्या ओळीत शिरले. वेचताना तोंडाकडं बघावं लागत नाही, त्यामुळं सांगायला बरं पडलं. आनंदराजकाकाकडं गेले होते, टाकी बघितली, तिथं असा असा बोल्ट होता, सगळं सांगून टाकलं. मला वाटत होतं ती खाली बसेल, रडेल. तिचे हात तसेच चालू होते.

म्हणाली, "मला ठाव हाय."

मी थांबले. काय ठाऊक आहे, म्हणून विचारलं.

"शिट्टी बंद केल्याली. जेवताना त्येनीच सांगितलं. म्या म्हणले, आवं, ती वाजती म्हणून तर माझ्या जिवाला घोर न्हाई. तर म्हणले, तुला मशीनमधलं काय कळतंय."

इतके दिवस बोलली का नाहीस, असं मी विचारलं. मला रागच आला होता, हरी. तिनं सांगितलं ते असं की, माणूस घरात निजवलेला, बसायला आलेले लोक म्हणत होते उन्हानं झालं. तिला वाटलं, ऊन तर ऊन. स्वतःच्या हातानं मेला असं लोकांनी म्हणायला नको. नवऱ्याचं नाव चांगलं राहावं, एवढाच तिनं विचार केला. तिच्या दृष्टीनं त्यात कुणाचं नुकसान नव्हतं.

मग मी तिला ते सांगितलं, जे तू मला दवाखान्यात म्हणाला होतास. हरीला वाटतं आप्पा त्याच्यामुळं गेले. मशीन चालू ठेवून तो गेला म्हणून.

आता तिचे हात थांबले.

"त्याला कुणी म्हणलं असं?"

कुणी नाही, म्हणाले. त्याचं त्यानंच ठरवलं.

माय ओळीतच बसली. ओटीतला कापूस मांडीवर सांडला, तो तिनं भरला नाही. मी पाणी दिलं, प्यायली. तुझ्याबद्दल तिची समजूत वेगळीच होती. बापाशी भांडण झालं, ते मिटायच्या आत बाप गेला, म्हणून पोराला घर नको झालं, असं ती धरून चालली होती. तुला यावंसं वाटेल तेव्हा येशील, म्हणून तिनं कधी कुणाकडं निरोप दिला नाही. आपल्याला विसरला असंही मधूनमधून वाटायचं म्हणाली.

मग म्हणाली, "म्हंजे दीड वरीस झालं, ते लेकरू हे घेऊन फिरून राहिलंय. आन् म्या गप."

मी तिच्याजवळ बसून राहिले. तिला धीर द्यायला गेले नाही. तुला धीर द्यायला गेले होते तेव्हा काय झालं ते मी बघितलंय.

ती उठली, उरलेली ओळ वेचून संपवली, गाठोडं बांधलं. घरी आल्यावर हातपाय धुतले आणि मला म्हणाली, सिकंदराबादची गाडी नांदेडहून कधी असते ते बघ. मी म्हणाले, तुझे गुडघे, तिथं उतरायचं, परत बस, मग गोदाम शोधायचं. ती ऐकत नाही. म्हणते, म्या त्याला आणायला चालले न्हाई, त्याला यायचं तवा येईल. मला त्याच्या तोंडावर एक सांगायचं हाय, मग म्या माघारी येते.

शेवटी असं ठरलं की आधी मी पत्र लिहावं आणि ती सांगेल ते त्यात लिहावं. मी पेन घेऊन बसले. ती भिंतीला टेकून बसली. पहिल्यांदा तब्येतीचं, म्हशीचं सांगायला लागली, मग थांबली. म्हणाली, ते नको, खोड ते. नंतर जे सांगितलं ते हे:

"हरी, तुज्या बापाची चूक होती. त्येनी ती चूक केली आन् म्या झाकली. तुजी चूक न्हवती. हे म्या म्हणते, तुजी माय."

मी वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हणाली. पुन्हा वाचलं. मग अंगठा उठवायला हात पुढं केला. मी म्हणाले, पत्राला अंगठा लागत नाही. ती म्हणाली, या पत्राला लागतो. घरात शाईचा डबा कुठला, माझ्याच पेनातली शाई काढली. खाली डाग दिसतो तो त्याचा आहे.

आनंदराजकाका त्याआधी पाडव्याला घरी येऊन गेला होता. मायच्या पाया पडला. तिनं त्याला चहा दिला. ते त्या दोघांचं आहे, त्यात मी पडले नाही.

आम्ही पुढच्या रविवारी निघायचं म्हणतोय. तू नको म्हणालास तरी ती येणार, एवढं मी तिला ओळखते. तुला जड जाणार असेल तर तसं कळव, मी काहीतरी सांगून थांबवायचा प्रयत्न करेन. पण खरं सांगू का, मला तिला थांबवायचं नाही.

तुझी,
ताई


सिकंदराबाद,
रविवार, २ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप माय आणि ताई यांना नमस्कार.

पत्र बुधवारी मिळालं. गोदामात माल उतरत होता, म्हणून खिशात ठेवलं आणि जेवणाच्या सुट्टीत वाचलं. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही ताई, जमेल तसं लिहितो.

मायला गाडीत बसवू नको. काल फोन करून तुला एवढंच सांगितलं, बाकीचं फोनवर बोलता येईना. मीच येऊन राहिलो. येत्या शनिवारची सुट्टी मागितली, मिळाली. मायला म्हणावं स्टेशनवर येऊन बसू नको, मी तिथून व्यंकटच्या गाडीवर येतो.

त्या दिवशी मी बिनघोर गेलो होतो, कारण दाब जास्त झाला तर शिट्टी वाजणार हे मला माहीत होतं. नंतर मला वाटायचं, ती वाजली असंल, मशीनच्या आवाजात आप्पांना ऐकू गेली नसंल, मी तिथं असतो तर मला ऐकू आली असती. दीड वर्ष हेच डोक्यात. शिट्टी नव्हतीच, हे एकदाही मनात आलं नाही.

तुझं दुसरं पत्र वाचल्यावर आप्पांचा राग आला. लई राग आला. भाड्याच्या खोलीत एकटाच त्यांना बोलत बसलो, नांदेडला गेलतो तर मला फोन केला असता, येताना नवा व्हॉल्व्ह घेऊन आलो असतो, व्हॉल्व्हचं दुकान तिथं नांदेडच्या नाक्यावरच होतं. एवढंच सांगायला पाहिजे होतं त्यांनी. मग रडलो. ते गेल्यापासून रडलो नव्हतो, चितेला आग देतानाबी नाही.

मशीन मी चालू ठेवून गेलो, ते तर राहणारच. तू ते खोटं म्हणाली नाहीस हे बरं झालं.

आनंदराजकाकाला कुणी काही बोलू नका. मी त्याला भेटतो. टाकीबी एकदा बघायची आहे, तोवर त्याला भंगारात देऊ नको म्हणावं. दुकानाचं काय करायचं ते सध्या मला सांगता येत नाही. कापूस राहिला असला तर मी आहे वेचायला.

मायला हे वाचून दाखव: माय, तुझं बोलणं पोचलं. मी कुणावर रुसून गेलो नव्हतो.

तुमचा,
हरिओम वैजनाथ